रोमन लिपीतील चांदा

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली इंग्रजी अमलाखाली गेले, आणि चांद्याच्या (आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या) अरण्यातील जी गावे तोवर मोडी दफ्तरांत व गोंडांच्या मुखात नांदत होती, ती रोमन लिपीच्या २६ अक्षरांत बसविण्याचा उद्योग सुरू झाला. त्या लिपीत ट आणि त यांस एकच अक्षर, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद दाखविण्यास स्वरांवर खुणा द्याव्या लागत. ग्रँटसाहेबाच्या १८७० च्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरात त्या कसोशीने दिलेल्या आहेत. नित्याच्या लेखनातून त्या गळाल्या, आणि चांद्याचे 'चंदा', आलापल्लीचे 'अल्लापल्ली', एटापल्लीचे 'एतापल्ली' वाचण्यास परक्याला मोकळीक मिळाली. तेलुगूत 'पल्ली' म्हणजे गाव. या 'पल्ली'तून दिसणारी प्राणहितेकाठची भाषिक सरहद्द रोमन पाटीवरून कोणास कळावी? गोंड राजा बल्लाळशहाच्या नावाचे गाव लोकांच्या तोंडी बल्लारशा, पण रेल्वेच्या रोमन पाटीवर त्यात एक जास्तीचा हकार शिरला आहे.

याच मुलखातील मुलचेरा तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत. त्यांच्या बोलीत गावांच्या नावांतलाही अकार ओकाराकडे झुकतो. या उच्चारास मी अशुद्ध म्हणणार नाही, कारण तो याच मातीत राबणाऱ्या माणसांचा आहे; दोष आहे तो न ऐकता लिहिण्याचा. म्हणून फलक रंगविणाऱ्या खात्याने आधी गावच्या पाटलाकडून वा गायत्याकडून (गोंडांच्या गावप्रमुखाकडून) ते नाव एकवार मोठ्याने म्हणवून घ्यावे.