देवळाच्या दारातून गायरानावर

२ मार्च १९३० ही तारीख आपल्यातल्या पोरासोरांना पाठ आहे. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह. पण दुसऱ्या दिवसापासून काय झालं हे कोणी सांगत नाही. आपला खरा इतिहास तिथं आहे.

३ मार्चला सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया मंदिराच्या चार दरवाज्यांवर जाऊन बसल्या. दारं बंद. त्याच साली बाबासाहेब गोलमेज परिषदेला लंडनला गेले. मग दारावर रोज माणसं आणायची कोणी? गावोगाव निरोप धाडायचे कोणी? ते ओझं पेललं सत्याग्रह कमिटीच्या चिटणीसानं. भाऊराव कृष्णराव गायकवाड. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा गडी, वय सत्तावीस. म्हणजे तुमच्या-माझ्याएवढा.

पाच वर्षं झुंज चालली. दार उघडलं नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांनाच पत्र लिहिलं: देवळाचा नाद पुरे, ताकद राजकारणात आणि शिक्षणात लावा. पुढच्या साली येवल्याची गर्जना झाली. दार उघडलं नाही, पण दारावर बसलेला माणूस पुन्हा वाकला नाही. ही त्या पाच वर्षांची कमाई.

१९३७ साली भाऊराव मुंबईच्या कायदेमंडळात गेले, १९५७ साली नाशिकहून लोकसभेत. तोवर ते सगळ्यांचे दादासाहेब झाले होते. १९५८ च्या कायद्यानं महार वतन मोडलं. गावकीची राबणूक गेली, पण शेतमजुराच्या हातात जमीन आली नाही. म्हणून १९५९ साली दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक आणि गायरान जमीन कसणाराला द्या, ही मागणी. ६ डिसेंबर १९६४ ला तोच लढा देशभर पेटला. लाखांनी माणसं तुरुंगात गेली. त्यात आपल्याशिवाय दुसऱ्या जातींचे भूमिहीनही होते.

आपल्यातल्याच शिकलेल्या काहींनी नाकं मुरडली. हा कम्युनिझम आहे म्हणाले. रिपब्लिकन पक्ष फुटला. एक गट स्वतःला 'दुरुस्त' म्हणवू लागला, मग दादासाहेबांचा 'नादुरुस्त' ठरला. भाकरीचा सवाल विचारणारा नादुरुस्त!

पण भक्ती करून इतिहास कळत नाही. १९६७ साली दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला. रानात जमवलेली ताकद जागांच्या वाटणीत विरली. २९ डिसेंबर १९७१ ला ते गेले. सहा महिन्यांच्या आत पँथर उभे राहिले, त्यांच्या रागात ह्या समझोत्याचाही राग होता.

दोस्तहो, ह्या माणसाचा क्रम बघा. आधी दार, मग गाव, मग तुरुंग, आणि त्या बळावर सभागृह. सभागृहात बसून ते पुन्हा तुरुंगाकडं माणसं घेऊन निघाले. आज आपल्यात जो तो खुर्चीपासून सुरुवात करायला बघतो. खुर्ची मिळते. पाठीमागं वळून बघावं तर वस्ती नसते.

भूमिहीन अजून आहेत. गायरानावरची अतिक्रमणं म्हणून त्यांची नावं नोटिशीत येतात. कोणत्या गावात, किती घरं, किती साल कसतात, ही यादी करायला वही लागते आणि पाय लागतात. चिटणीसाचं काम तेच.

जय भीम.