जितके भिजेल, तितके तुझे

पूर्व विदर्भातल्या एखाद्या सरकारी कचेरीत तुम्ही कामानिमित्त गेलात, तर 'मामा तलाव' हा शब्द कानावर पडेल. परक्या माणसाला वाटते, कुणाच्या तरी मामांनी बांधलेला तलाव असावा. पण मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. मुख्यतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे सुमारे सात हजार तलाव आहेत. त्यांची गोष्ट मात्र मालगुजारांच्याही आधी सुरू होते.

हा मुलूख धानाचा. पाऊस उदंड, वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास. पण तो येतो चार महिन्यांत, आणि त्यातलाही बराचसा मोजक्या दिवसांत कोसळतो. श्रावणात नाले शेतात शिरतात, आणि पुढे हस्त नक्षत्र कोरडे गेले की ऐन दाणा भरायच्या वेळी पीक मान टाकते. एकाच शेतावर, एकाच सालात पूरही आणि दुष्काळही! पाणी नव्हते असे नाही. त्याला थांबवायचे कसे, हा प्रश्न होता.

चांद्याच्या गोंड राजांनी त्यावर एक साधी युक्ती काढली. जो तलाव बांधील त्याला, त्या तलावाच्या पाण्याने जितकी जमीन भिजेल तितकी इनाम. या सनदेला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचे नाव आजही तुकूम आहे. तिथे राहणाऱ्या कितीजणांना त्याचा अर्थ ठाऊक असेल कोण जाणे. मला या सनदेतली मेख फार आवडते. जमीन मोजायला साखळी नको, अमीन नको. पाणी जिथवर पोचेल तिथवर तुझी हद्द. म्हणजे तलाव गाळाने भरू दिलास, तर जमीन नावापुरतीच उरेल.

या कामात पुढे आले ते कोहळी. काशीयात्रेला गेलेल्या एका गोंड राजाने त्यांना तिकडून आणले, अशी परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. धान आणि ऊस पिकवणारे हे लोक जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी वाचत. गोंदिया जिल्ह्यातले नवेगावबांध पाहा. चहूकडे डोंगर आहेत, त्यांतल्या सात शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी काय केले, तर डोंगरांमधल्या खिंडी तेवढ्या मातीच्या पाळीने बुजवल्या. बाकीची भिंत निसर्गाने आधीच घालून ठेवली होती. जुन्या गॅझेटिअरमध्ये या तलावाचा घेर १७ मैल दिला आहे. कोलू पाटलांचा पुढे लोकांनी कोलासूर देव केला. तलाव बांधणाऱ्याला देव मानणारे लोक मला शहाणे वाटतात.

पण एकटा तलाव म्हणजे ही व्यवस्था नव्हे. वर डोंगरावर जंगल. ते पावसाचा मार झेलते आणि माती धरून ठेवते. त्याखाली लहानशा बोड्या, मग मोठा तलाव, मग धानाच्या बांध्या. वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेले पाणी खालच्या गावच्या तलावात जाते, तिथून आणखी खाली. असे पाणी गावोगाव मुक्काम करीत नदीला मिळते. पाळीतून पाणी सोडण्याच्या जागेला 'तुडूम' म्हणतात. मधल्या काळात विहिरींना पाझर मिळतो, गुरांना पाणी मिळते, ढीवरांना मासळी मिळते. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला जो महापूर आला, तसा पूर हे तलाव अडवतील असे मी म्हणणार नाही. गावच्या नाल्याचे उधाण मात्र ते खात.

इंग्रजांच्या काळात, १८६० नंतरच्या बंदोबस्तात, गावांची मालकी मालगुजारांकडे आली आणि तलावांना त्यांचे नाव चिकटले. आमच्या घरच्या उर्दूत मालगुजार म्हणजे नुसता सारा भरणारा. त्या शब्दात पाण्याचा थेंबही नाही! पाळीवर माती टाकणारे हात बहुतेक गावकऱ्यांचे, आणि पुष्कळदा वेठीचे. तरी 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दफ्तरात गावचे रिवाज लिहिले जात, आणि तलावाच्या पाण्याचे हक्कही त्यात येत. दुरुस्ती कुणी करायची, पाणी आधी कुणाच्या बांधीला, हे गावाला माहीत होते.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली ते न्यायाचेच झाले, त्याबद्दल हळहळ नको. पण तलाव सरकारजमा झाले, आणि लोकांकडे पाणीपट्टी मागायला माणूस आला. आपल्याच बापजाद्यांनी बांधलेल्या तलावाची पट्टी कशासाठी, हा लोकांचा सवाल होता. सरकारला ते तलाव लहान वाटले, गावाला परके वाटू लागले. गाळ साचत गेला, पोटात अतिक्रमणे झाली, बेशरमाची झुडपे माजली. मालगुजाराला हटवताना त्याची जागा गावाला देता आली असती. ती खात्याला दिली गेली.

अलीकडे सरकारने तलावांतला गाळ काढण्याच्या योजना आणल्या आहेत. यंत्र एका उन्हाळ्यात पुष्कळ गाळ उपसते. परंतु वरचे जंगल तुटलेले असेल, तर तोच गाळ पुन्हा येतो. आणि तळ सरसकट खरवडला तर पाणवनस्पती जातात, त्यांच्यामागून मासे जातात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबतचे ढीवर लोक वेगळ्या वाटेने गेले. कुठल्या तलावात पूर्वी कोणती वनस्पती होती, कोणता मासा कुठे अंडी घालतो, हे त्यांनी जुन्या जाणत्यांना विचारून घेतले. मग बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरडा तळ नांगरला, आणि पाऊस आल्यावर स्थानिक पाणवनस्पती लावल्या. या कामात बायका मोठ्या संख्येने आहेत. नांगरलेल्या त्या तळांत मासळी परतली आहे, पाणपक्षीही उतरू लागले आहेत.