कपाटाची किल्ली आणि ग्रंथपालाचे ऋण

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक समारंभात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, त्यांच्या गुरुजनांनाही शाल व श्रीफळ अर्पण केले जाते. परंतु त्या विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तक देणारा शाळेचा ग्रंथपाल मात्र मांडवाच्या कडेलाच उभा राहतो. ही उणीव ज्ञातिबांधवांच्या ध्यानी यावी, म्हणून इतिहासातील एक पान येथे उलगडण्याचे आम्ही योजिले आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. तथापि शाळा सुटल्यावर वाचावयास पुस्तक नसेल, तर शिकलेली अक्षरे हळूहळू पुसून जातात. म्हणून महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालास पाचारण केले. बॉर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली व ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला. गावाने वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम सरकारने व तितकीच प्रांत पंचायतीने घालावी, अशी योजना आखली गेली. दूरच्या गावी पुस्तकांच्या पेट्या फिरतीवर जाऊ लागल्या.

हे कार्य खेड्यापाड्यांत रुजविण्याचे श्रेय चरोतरचे कै. मोतीभाई अमीन (१८७३–१९३९) यांस आहे. ते मूळचे शिक्षक. वाचनाची गोडी बालपणीच लावावी लागते, हे त्यांना वर्गातच उमगले होते. पुढे मद्रासेत गणिताचे अध्यापक शि. रा. रंगनाथन १९२४ साली विश्वविद्यालयाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या पाच सूत्रांत त्यांनी पहिले स्थान एका साध्या तत्त्वास दिले : ग्रंथ वापरासाठी असतात, राखणीसाठी नव्हेत.

आम्ही नोकरीस लागलो त्या शाळेत मात्र राखणच चाले. कपाट तपासणीच्या दिवशी तेवढे उघडे. पुढे एक ग्रंथपाल आले आणि त्यांनी मधल्या सुट्टीत कपाट उघडे ठेवण्याचा हट्ट धरला. "मुले पुस्तके फाडतील," असे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. कोणत्या मुलाने काय वाचले, याची ते वही ठेवीत. हरवलेल्या पुस्तकाची किंमत निमूटपणे स्वतः भरीत. वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा त्यांनी दिलेले पक्ष्यांवरील पुस्तक वाचून दुसऱ्या दिवशी आम्हांसच प्रश्न विचारू लागला, तेव्हा आमचे डोळे उघडले. ते गृहस्थ निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांच्या गळ्यात साधा हारही पडला नाही. त्या मौनात आमचाही वाटा होता.

म्हणून संस्थेच्या चालकांस आमची नम्र सूचना आहे की, पुढील वर्षापासून आपल्या मुलांच्या शाळांतील एका ग्रंथपालाचा सत्कार करावा. पालकांनीही मुलांस गुण विचारण्यापूर्वी, "या महिन्यात कोणते पुस्तक आणलेस?" असे एकदा विचारावे. ग्रंथपालास तोच खरा हार होय.