जुनी वर्कस्टेशने आणि नवे घरगुती प्रोसेसर : ‘परम १००००’च्या निमित्ताने एक ऐतिहासिक तुलना

प्रस्तावना

संगणकशास्त्र विभागांत आणि खरेदी समित्यांच्या बैठकांत एक विधान वारंवार ऐकू येते. पूर्वी कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेल्या यंत्राचे काम आज टेबलावरचा घरगुती संगणक सहज करतो, असे ते विधान. ते खोटे नाही. मात्र त्याच्या पाठोपाठ बहुधा दुसरे विधान येते : म्हणजे तो खर्च वायाच गेला, थोडे थांबले असते तर तेच काम स्वस्तात झाले असते. पहिल्या विधानातून दुसरे निष्पन्न होते का, हा संगणकशास्त्राइतकाच इतिहासलेखनाचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅक) ‘परम’ मालिकेच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

वर्कस्टेशन ते महासंगणक

१९८० आणि १९९० च्या दशकांत ‘वर्कस्टेशन’ ही घरगुती संगणकापासून स्पष्टपणे वेगळी अशी यंत्रांची जात होती. सन, सिलिकॉन ग्राफिक्स, डिजिटल इक्विपमेंट, एचपी आणि आयबीएम या कंपन्या अभियंते व शास्त्रज्ञांसाठी ती बनवीत. त्यांची कार्यप्रणाली युनिक्स घराण्यातली असे आणि प्रत्येक कंपनीचा प्रोसेसर स्वतंत्र असे : सनचा स्पार्क, डिजिटलचा अल्फा, एचपीचा पीए-रिस्क, आयबीएमचा पॉवर. सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रे मिप्स प्रोसेसरवर चालत.

सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये झाली. तिची पार्श्वभूमी परिचित आहे. हवामान अंदाजाच्या कामासाठी दिल्लीला क्रे एक्सएमपी-१४ हे यंत्र देण्यास अमेरिका राजी झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेले अधिक शक्तिशाली यंत्र मात्र नाकारले गेले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पूर्ण झालेला ‘परम ८०००’ ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर या चिपांवर उभा होता. पुढील ‘परम ८६००’ मध्ये इंटेलचा आय८६० आला, ‘परम ९०००’ मध्ये सनचे स्पार्क प्रोसेसर आले. बाजारात मिळणाऱ्या चिपा घ्यायच्या, त्या एकमेकींना जोडण्याची व्यवस्था आणि त्यांच्याकडून एकत्र काम करून घेणारी प्रणाली मात्र आपण रचायची, हे पुण्याचे धोरण पहिल्यापासूनच होते. १९९८ चा ‘परम १००००’ ही त्याची सर्वांत स्पष्ट आवृत्ती म्हणता येईल. त्याचा एकेक घटक म्हणजे सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसर असलेले यंत्र होते. १६० प्रोसेसरांच्या पूर्ण संचाची कमाल गती सुमारे १०० गिगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला दशांशचिन्हयुक्त संख्यांवरील १०,००० कोटी क्रिया, इतकी सांगितली जाते.

आकड्यांची तुलना आणि तिच्या मर्यादा

जानेवारी २०११ मध्ये इंटेलने कोअर आय७-२६०० हा घरगुती प्रोसेसर बाजारात आणला. त्यात चार कोअर, ३.४ गिगाहर्ट्झ गती आणि प्रत्येक कोअरमागे प्रत्येक ठोक्याला आठ दुहेरी अचूकतेच्या क्रिया आहेत. गुणाकार केल्यास १०८.८ गिगाफ्लॉप्स येतात. म्हणजे तेरा वर्षांत ‘परम १००००’ची सगळी आकडेमोड तळहाताहून लहान चिपेत मावली. पुढचे उदाहरणही तसेच आहे. आयबीएमच्या १ गिगाहर्ट्झच्या २४८ पॉवर-४ प्रोसेसरांचा ‘परम पद्म’ जून २००३ च्या जागतिक महासंगणक यादीत १७१ व्या क्रमांकावर होता आणि त्याची कमाल गती ९९२ गिगाफ्लॉप्स होती. एएमडीचा रायझेन ९ ७९५०एक्स हा २०२२ चा घरगुती प्रोसेसर सोळा कोअर आणि ४.५ गिगाहर्ट्झ या मूळ गतीवर याच हिशोबाने १,१५२ गिगाफ्लॉप्स देतो.

येथे थांबले तर तुलना संपते आणि दुसरे विधान सिद्ध झाल्यासारखे वाटते. परंतु कमाल गती हा आकडा प्रोसेसरच्या पोटात संख्या आधीच येऊन बसल्या आहेत असे गृहीत धरतो. हवामानाचे प्रारूप, विमानाच्या पंखावरील हवेचा प्रवाह किंवा भूगर्भीय सर्वेक्षण यांत संख्या मेमरीतून सतत आणाव्या लागतात. अल्ट्रास्पार्क-२ च्या काळातील सन यंत्रांत प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातील यूपीए ही जोडणी १२८ बिट रुंद होती. १०० मेगाहर्ट्झ गतीने ती सेकंदाला १.६ गिगाबाइट, म्हणजे २० कोटी संख्या, वाहून नेऊ शके. अशा यंत्रात ३०० मेगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर असतील तर त्यांची मिळून कमाल गती १२० कोटी क्रियांची होते. थोडक्यात, आणलेल्या प्रत्येक संख्येवर सहा क्रिया झाल्या की यंत्र पूर्ण क्षमतेने चालले. रायझेनला डीडीआर५-५२०० मेमरीच्या दोन मार्गांतून सेकंदाला ८३.२ गिगाबाइट, म्हणजे सुमारे १,०४० कोटी संख्या मिळतात. तो पूर्ण राबायचा तर प्रत्येक संख्येवर सुमारे ११० क्रिया व्हायला हव्यात. त्याच्या ६४ मेगाबाइट कॅश मेमरीमुळे ही ओढाताण पुष्कळ कमी होते, हे मान्य केले पाहिजे. तरीही विस्तीर्ण जाळीवरचे हिशोब कॅशमध्ये मावत नाहीत. जुन्या संचात अशा स्वतंत्र मेमरी असलेली अनेक यंत्रे एकाच वेळी चालत असत, ही बाब एका आकड्याच्या तुलनेतून पूर्णपणे निसटते.

दुसरी मर्यादा कालाची आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. १९९८ च्या यंत्राची तुलना १९९८ च्याच पर्यायाशी केली पाहिजे. त्या वर्षीचा उत्तम घरगुती प्रोसेसर म्हणजे ४५० मेगाहर्ट्झचा पेन्टियम-२. तो ठोक्याला फार तर एक दशांशक्रिया करी, म्हणजे ४५ कोटी. ३०० मेगाहर्ट्झचा अल्ट्रास्पार्क-२ ठोक्याला दोन करी, म्हणजे ६० कोटी. हा फरक दीडपटीहूनही कमी आहे! केवळ आकडेमोडीसाठी वर्कस्टेशन घेतले असते तर टीकाकारांचा आक्षेप बऱ्याच अंशी ग्राह्य ठरला असता.

खरा फरक अन्यत्र होता. पेन्टियम-२ हा ३२ बिटांचा होता. अल्ट्रास्पार्क ६४ बिटांचा असल्याने एका प्रक्रियेसाठी ४ गिगाबाइटची भिंत त्याला नव्हती. पेन्टियम-२ ची ५१२ किलोबाइट कॅश प्रोसेसरच्या निम्म्या गतीने चाले. सनच्या यंत्रांत ती कित्येक मेगाबाइटची मिळे. शिवाय वर्कस्टेशनची मेमरी आपल्यातील चूक ओळखून दुरुस्त करी. शेकडो मेमरी-पट्ट्या आठवडाभर सलग चालवायच्या असतील तर ही सोय चैनीची राहत नाही, कारण एक बिट उलटला तरी साऱ्या हिशोबाचा भरवसा संपतो. सर्वसाधारण घरगुती संगणक आजही या सोयीविना विकला जातो.

पराभव की वारसा

वर्कस्टेशन कंपन्यांपैकी अनेक पुढे नामशेष झाल्या हे खरे. कॉम्पॅकने १९९८ मध्ये डिजिटल विकत घेतली आणि २००१ मध्ये अल्फाची वाटचाल थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. सिलिकॉन ग्राफिक्सने २००९ मध्ये दिवाळखोरी पत्करली. सन २०१० मध्ये ओरॅकलच्या स्वाधीन झाली. यावरून घरगुती प्रोसेसरने वर्कस्टेशनला हरवले अशी मांडणी रूढ झाली आहे. व्यापाराच्या इतिहासात ती चालेल. तंत्राच्या इतिहासात ती अपुरी पडते.

६४ बिटांची रचना अल्फात १९९२ मध्ये होती, ती एएमडीच्या अ‍ॅथलॉन ६४ मधून घरात आली २००३ मध्ये. एकाच आज्ञेत अनेक लहान संख्यांवर क्रिया करण्याची सनची ‘व्हिस’ योजना १९९५ ची. इंटेलची ‘एमएमएक्स’ १९९७ ची. एकाच चिपेत दोन कोअर ठेवणारा पॉवर-४, म्हणजे ‘परम पद्म’चाच प्रोसेसर, २००१ मध्ये आला, घरगुती बाजाराने ती पद्धत २००५ मध्ये उचलली. गुणाकार आणि बेरीज एकत्र उरकण्याची आज्ञा तर आयबीएमच्या १९९० च्या वर्कस्टेशनांत होती आणि इंटेल व एएमडीच्या घरगुती प्रोसेसरांत ती २०११-१३ मध्ये पोहोचली. रायझेनच्या वरील १,१५२ या आकड्याचा निम्मा वाटा या आज्ञेचा आहे. माणसेही इकडून तिकडे गेली. अल्फाच्या रचनेत सहभागी असलेले डर्क मेयर एएमडीत आले आणि १९९९ च्या अ‍ॅथलॉनचे प्रमुख शिल्पकार ठरले. त्या प्रोसेसरने अल्फाचीच ईव्ही-६ ही जोडणी स्वीकारली होती.

अंबरनाथच्या वाचकाला हे नाते समजावून सांगावे लागू नये. शहराच्या पश्चिम भागात आयुध निर्माणीशेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी १९५० च्या दशकापासून उभी आहे. नमुना यंत्र एकच बनते, महाग पडते आणि त्यावरून पुढे शेकडो यंत्रे निघतात. शेकडोंतील एकाची किंमत दाखवून नमुन्याचा खर्च उधळपट्टी होता असे त्या कारखान्यात कोणी म्हणणार नाही.

ट्रॉम्बेचा दाखला

घरगुती प्रोसेसर पुरेसा झाला तेव्हा महाराष्ट्रातील संस्थांनी तो स्वीकारलाही. भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘अनुपम’ ही समांतर संगणकांची मालिका १९९० च्या दशकाच्या आरंभी आय८६० प्रोसेसरांवर सुरू झाली. त्या दशकात तिच्यात अल्फा प्रोसेसरही आला आणि २००० च्या सुमारास पेन्टियम-३. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १९९४ मध्ये सोळा ४८६ प्रोसेसरांचा ‘बेओवुल्फ’ संच जोडून ही दिशा दाखविली होती. ट्रॉम्बेला तिचे आणखी एक आकर्षण असणार. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध कडक झाले होते. महासंगणक अडवून धरता येतो. लॅमिंग्टन रोडवर कोणालाही मिळणारा पेन्टियम अडविणे जवळपास अशक्य होते.

या स्थित्यंतराचा अभ्यास करू पाहणाऱ्यास साधने मात्र तुटपुंजी मिळतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील असोत वा अन्यत्रची असोत, महाविद्यालयांच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत बहुधा ‘संगणक संच, नग अमुक’ एवढीच नोंद आणि किंमत असते. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, यंत्र कोणत्या कामाला लागले हे निर्लेखनाच्या वेळी कोणी टिपून ठेवीत नाही. भंगारात गेलेल्या यंत्राबद्दल मग किंमत तेवढी उरते आणि तिच्यावरूनच निवाडा होतो.

सी-डॅकने वर्कस्टेशन-घराण्यातील प्रोसेसर सोडून इंटेलचे झिऑन स्वीकारले ते २००८ च्या ‘परम युवा’मध्ये. त्यात ४,६०८ कोअर आणि ५४ टेराफ्लॉप्स कमाल गती होती. झिऑन हा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर असला तरी त्याचे घराणे घरगुती पेन्टियमचेच. या यंत्रातील घटकांना एकमेकांशी जोडणारी ‘परमनेट-३’ ही यंत्रणा मात्र सी-डॅकची स्वतःची होती. तिची पहिली आवृत्ती ‘परम १००००’च्या सन यंत्रांना जोडत होती.