हमालाची कंबर

गव्हाच्या हंगामात भोपाळच्या करोंद मंडीत ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, आणि लोखंडी आकडा पोत्यात रोवून, गुडघे किंचित वाकवून ते पाठीवर घेणाऱ्या हमालाच्या कंबरेत एखादे दिवशी जी उसण भरते, तिची नोंद नबाबी दप्तरांत कोणी ठेवली असेल असे वाटत नाही. तिच्या उपचारांचा इतिहास मात्र मोठा मनोरंजक आहे.

मराठी मुलखात उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसास पाचारण करून त्याचा पाय कंबरेला लावून घेण्याचा रिवाज होता. शेक आणि तेलाची मालीश त्याच्या जोडीला असेच. या रिवाजास हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, शास्त्रशुद्ध म्हणविणाऱ्या पाश्चात्त्य चिकित्सेतही रुग्णास अंथरुणाला खिळवून ठेवणे आणि वजने टांगून त्याची कंबर ताणणे हाच दीर्घकाळ दंडक होता.

आपल्याकडे भौतिकोपचाराचे विधिवत शिक्षण 1953 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले, ते पोलिओने पंगू झालेल्यांसाठी. कंबरेचे रुग्ण त्या दालनात मागाहून शिरले. तिकडे परदेशी वाद होता तो कणा वाकवावा कोणत्या दिशेस याचा. अमेरिकेतील पॉल विल्यम्स यांनी 1937 साली गुडघे छातीशी घेऊन पुढे वाकण्याचे व्यायाम सांगितले. तर 1956 साली वेलिंग्टन येथे रॉबिन मॅकेंझी यांचा एक रुग्ण, डोक्याकडची बाजू वर राहून गेलेल्या मेजावर पालथा पडून राहिला असता, तत्कालीन समजुतीप्रमाणे अपायकारकच ठरावी अशा त्या मागे वाकलेल्या अवस्थेत त्याच्या पायातील कळ ओसरली!

या दोन पंथांची पुढे पुष्कळ तुलना झाली, आणि जुनाट कंबरदुखीत व्यायामाच्या प्रकारांतील अंतर थोडेच, व्यायाम मुळीच न करण्याशी असलेले अंतर त्याहून स्पष्ट, असे आढळले. 2023 साली त्याच जागतिक आरोग्य संघटनेने व्यायामास आणि मालीशीसही मान्यता दिली, परंतु कंबर ताणणे, अल्ट्रासाऊंड आणि कंबरपट्टा हे नित्याचे उपचार बरखास्त करावेत असे सुचविले. म्हणजे मालीशवाल्याची वतनदारी शाबूत राहिली आणि यंत्रांची गेली.

आता हमालास व्यायाम सांगणे सोपे. पण 1967 साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्यास 55 किलोंची मर्यादा असावी अशी शिफारस केली, तेव्हा आपल्या बाजारपेठांत क्विंटलाचे पोते सर्रास एकाच पाठीवर चढत असे, आणि मला विचाराल तर कंबरेच्या उपचारांच्या इतिहासात या शिफारशीचा उल्लेख विल्यम्स आणि मॅकेंझी यांच्या आधी व्हावयास हवा.