ट्राम कंपनीच्या बसगाड्या : मुंबई, १९२६ ते १९४७

नागरी वाहतुकीच्या इतिहासाकडे आपल्या विद्यापीठीय अभ्यासाचे लक्ष फारसे गेलेले नाही. सोलापुरातील अभ्यासक गिरण्यांच्या इतिहासात जितका रमतो तितका त्या गिरण्यांतील माणसे कशाने येतजात याविषयी चौकशी करीत नाही. येथील शहर-बससेवा महापालिकेकडे आहे, आणि लांब पल्ल्याची वाहतूक १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर (आजचे अहिल्यानगर) पहिली सरकारी गाडी धावल्यापासून क्रमाक्रमाने राज्य परिवहनाच्या हाती गेली. खाजगी कंपनीच्या शहर-बसताफ्याचा सलग वृत्तान्त पाहावयाचा तर मुंबईकडेच वळले पाहिजे.

बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी ही मूळची बस कंपनी नव्हे. ७ ऑगस्ट १९०५ च्या करारान्वये तिला वीज व ट्राम यांची सनद मिळाली. १८७४ पासून घोडे ओढीत असलेली ट्राम तिने १९०७ साली विजेवर आणली. बसगाड्या त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर सुरू झाल्या. हा आरंभबिंदू अर्थपूर्ण आहे. कुलाबा व बाजारपेठ यांना जोडणारी ही सेवा श्रमिक वस्तीपासून दूर होती. म्युझियमपासून दादरपर्यंत ट्रामचे भाडे दीड आणा, तर बसचे चार आणे होते. तेव्हा बस हे सुखवस्तू माणसाचे वाहन समजले गेले यात नवल नाही.

प्रारंभी ताफ्यात २४ गाड्या होत्या. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत त्यांतून सुमारे ६ लक्ष उतारूंनी प्रवास केला, व पुढील वर्षी ही संख्या ३८ लक्षांवर गेली; तेव्हा गाड्या ४९ झाल्या होत्या. या आकड्यांचा भागाकार करून पाहणे उद्बोधक ठरते. पहिल्या १७० दिवसांत एका गाडीच्या वाट्याला दररोज सरासरी दीडशेच्या आत उतारू येतात. दुसऱ्या वर्षी दोनशेहून थोडे अधिक. १९४७ साली, म्हणजे कंपनीच्या अखेरीस, २३ मार्गांवर २४२ गाड्या असून दररोज २ लक्ष ३८ हजार लोक त्यांतून जात. म्हणजे दर गाडीस सुमारे ९८०! सर्वच गाड्या रोज रस्त्यावर नसत हे गृहीत धरले तरी प्रमाण बदलत नाही. गाड्या दहापट झाल्या, उतारू मात्र सदुसष्टपट.

ही वाढ केवळ शहराच्या लोकसंख्येने समजावून देता येणार नाही. गाडीचे रूपच पालटले. १९३४ साली, नगरपालिकेच्या आग्रहावरून, सेवा उत्तरेकडील भागात नेण्यात आली आणि १९३७ साली दुमजली बस आली. तिने रस्त्यावरील तितक्याच जागेत माणसांचा दुसरा थर रचला. १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी मोजक्याच थांब्यांवर थांबणारी ‘लिमिटेड’ सेवा निघाली. सुखवस्तूंचे वाहन पाव शतकाच्या आत सर्वसामान्यांचे झाले, व ते कंपनीच्या नफ्याच्या हिशेबातूनच झाले, हे आमच्या मते या ताफ्याच्या इतिहासातील खरे मर्म आहे. तथापि उत्तरेकडील विस्तारास बाहेरून रेटा द्यावा लागला, हेही विसरून चालणार नाही.

सनदेतच नगरपालिकेस खरेदीचा अधिकार राखलेला होता. तो बजावून तिने ७ ऑगस्ट १९४७ रोजी, करारापासून बरोबर बेचाळीस वर्षांनी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा सारा उद्योग ताब्यात घेतला. उद्योग सार्वजनिक झाला, परंतु गाड्यांकडे पाहण्याची दृष्टी हिशेबनिसाचीच राहिली : झिजली की मोडीत. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरकडे गेली. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या धर्तीची, डिझेलवर चालणारी शेवटची दुमजली बसही निवृत्त झाली, तेव्हा अशा किमान दोन गाड्या संग्रहालयात ठेवाव्यात अशी मागणी प्रवाशांना करावी लागली. दस्तऐवज जपणाऱ्या आपल्या संस्थांतून अशी मागणी पुढे आली असती तर ते अधिक शोभले असते. वरच्या मजल्याचा जिना किती अरुंद होता, वाहक त्यावरून गर्दीत कसा चढत असे, बाकावर किती माणसे बसत, हे अहवालांच्या रकान्यांतून कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष गाडीच हाताशी असावी लागते.