गणतीबाहेरची माणसे : भायखळ्याचा तुरुंग ते नवी मुंबई

१८९७ हे साल मराठी वाचकाच्या स्मरणात आहे ते रँडच्या वधामुळे. प्लेगची साथ, पुण्यातील घरझडत्या, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू आणि टिळकांवरील राजद्रोहाचा खटला हा क्रम आपल्याकडे शाळेपासून शिकवला जातो. सावित्रीबाई फुले यांचा मृत्यूही त्याच साथीतला, १० मार्च १८९७ चा. प्लेगविषयी आपण जे लिहिले आणि शिकवले त्यात सत्ता आहे, सूड आहे, सेवा आहे. त्याच वर्षी, त्याच साथीत, मुंबईत एक छोटासा तक्ता तयार झाला. आपल्या वाङ्मयीन स्मृतीत त्याला फारशी जागा मिळालेली नाही. आज नवी मुंबईतील कार्यालयांत 'स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमर' या नावाने जे काम चालते, म्हणजे औषधांच्या चाचण्यांतून आलेली माहिती संगणकावर लावून तिचे तक्ते सिद्ध करण्याचे काम, त्याची आपल्या प्रदेशातील पूर्वपीठिका शोधायची तर त्या तक्त्यापाशी जावे लागते, असे आम्हांस वाटते.

वाल्डेमार हाफकिन हे १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत प्लेगच्या लसीवर काम करू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, आणि जानेवारीच्या अखेरीस तेथील जे कैदी राजी झाले त्यांना लस टोचण्यात आली. टोचलेले दीडशेच्या आसपास होते, न टोचलेले त्याहून थोडे अधिक. दोन्ही गट एकाच भिंतीआड, एकाच अन्नावर आणि एकाच साथीच्या छायेत राहिले. पुढील दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडून त्यांतील ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ आजारी पडले, दगावला कोणीच नाही. हाच तो तक्ता.

पण हा तक्ता वाचताना इतिहासाच्या अभ्यासकाला दोन गोष्टी खटकायला हव्यात. पहिली अशी की, नंतरच्या लेखनात हे आकडे सर्वत्र सारखे आढळत नाहीत. कुठे मृत्यू सहा आहेत, कुठे सात. दोन्ही गटांची एकूण संख्याही लेखकागणिक थोडी बदलते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्यांच्या अंगात टोचण्याच्या वेळीच रोग होता, ज्यांची लक्षणे त्याच दिवशी दिसली, त्यांना हिशोबात धरायचे की नाही? त्यांना वगळण्यामागे तर्क होता, कारण लस लागू व्हायला काही अवधी लागतो. परंतु तो अवधी किती मानायचा हे प्रयोग करणारानेच ठरवायचे, आणि तेही निकाल दिसू लागल्यावर, यात एक धोका आहे. रेघ एक दिवस अलीकडे ओढली तर लस थोडी कमी गुणकारी दिसते, एक दिवस पलीकडे ओढली तर थोडी अधिक. माणसे तीच, मृत्यू तेच. बदलते ती फक्त गणतीची सीमा.

पुढे सरकारने प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिशन नेमले. कमिशनने हाफकिन यांच्या आकड्यांची कसून तपासणी केली. टोचणीने रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी होते हे त्याने मान्य केले, मात्र आकडे ज्या रीतीने गोळा झाले त्या रीतीवर आक्षेप नोंदवले. लसीला होकार आणि नोंदीला प्रश्न, ही भूमिका आपण समीक्षेत क्वचितच घेतो. निष्कर्ष पटला की पुराव्याकडे पाहण्याची गरज वाटेनाशी होते.

खुद्द हाफकिन यांनाही स्वेच्छेने पुढे आलेल्यांची तुलना मागे राहिलेल्यांशी करण्यातील दोष ठाऊक असावा. फेब्रुवारी १८९८ मध्ये गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी त्यांनी वेगळी पद्धत अवलंबिली. घराघरांतील माणसे उभी करून प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्यांना टोचले आणि निम्म्यांना सोडले. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, त्यांतील ७१ टोचलेल्यांपैकी ८ आजारी पडून ३ दगावले. ६४ न टोचलेल्यांपैकी २७ आजारी पडून २६ दगावले. पुरावा म्हणून ही रचना भायखळ्याहून कितीतरी भक्कम होती. माणूस म्हणून मात्र ती वाचवत नाही. एकाच चुलीभोवती बसणाऱ्या भावंडांपैकी कोणाला लस मिळावी हे एका परक्या वैद्याच्या बोटाने ठरले होते. त्या सव्वीस जणांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचा आकडा मात्र पक्का आहे.

अर्धशतकाने, १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ती निवड माणसाच्या हातून काढून घेतली. कोणत्या रुग्णाला औषध मिळणार हे यादृच्छिक संख्यांनी ठरले आणि मोहोरबंद पाकिटांत ठेवले गेले. निवडणाराचे मन निवडीतून दूर झाले. ज्याला औषध मिळत नाही त्याच्याविषयीचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो पुढे मुंबईतच पुन्हा उभा राहिला.

१९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईतील गरीब वस्त्यांमधील दीड लाखांहून अधिक स्त्रियांची एक दीर्घ चाचणी केली. वस्त्यांचे २० समूह पाडले. १० समूहांतील स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या आणि स्तनाच्या कर्करोगासाठी ठरावीक अंतराने तपासणी झाली, उरलेल्या १० समूहांत केवळ आरोग्यशिक्षण दिले गेले. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर थोडेसे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या, आणि साधन होते सौम्य व्हिनेगर. २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. गरीब देशांसाठी ही मोठीच गोष्ट होती. त्याचबरोबर, तपासणी न मिळालेल्या स्त्रियांच्या वाट्याला जे आले ते न्याय्य होते काय, हा सवाल देशविदेशांतील वैद्यक-नीतिज्ञांनी जाहीरपणे विचारला. चाचणी करणाऱ्यांचे उत्तर असे की, देशातील बहुतेक स्त्रियांना मिळणारी नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणे हीच होती. हे उत्तर खरे होते, आणि म्हणूनच अस्वस्थ करणारे होते.

याच चाचणीचा दुसरा भाग, स्तनाच्या हातांनी केलेल्या तपासणीचा, २०२१ साली प्रसिद्ध झाला. सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र घेतल्या तर मृत्यूंतील घट १५ टक्के, म्हणजे निव्वळ योगायोगानेही दिसू शकेल इतकी. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया वेगळ्या काढल्या तर ती सुमारे ३० टक्के. पण हे वेगळे काढणे आधी ठरलेले होते की नंतर सुचले? संशोधकांनी ते नंतरचे आहे असे स्वतःच नमूद केले. भायखळ्याची रेघ येथे पुन्हा भेटते; फरक इतकाच की या वेळी ती कधी ओढली गेली हे लिहून ठेवलेले आहे.

हे लिहून ठेवणे हाच आजचा व्यवसाय आहे. २००५ च्या जानेवारीत औषधविषयक नियमांतील 'शेड्यूल वाय' बदलले आणि परदेशी औषधांच्या चाचण्या त्या त्या टप्प्यावर भारतातही घेणे सुकर झाले. चाचण्यांबरोबर त्यांच्या माहितीचे कामही आले. जगात कुठेही झालेल्या चाचणीची माहिती येथे बसून लावता येऊ लागली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे सिडकोच्या नवनगराआधीपासून रसायनांचे कारखाने धूर सोडत होते, तेथे ऐरोली-महापे परिसरात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. कर्करोगसंशोधनाची सरकारी अनुदानावर चालणारी संस्था परळहून खारघरला आली. या शहरात सांख्यिकी, औषधनिर्माणशास्त्र वा गणित शिकलेली असंख्य मुले-मुली 'सॅस' या संगणकभाषेत आज्ञावली लिहितात.

त्यांच्या कामाचे नियम पाहिले की भायखळ्याचे धडे एकेक करून ओळखू येतात. निकाल उघड होण्याआधी विश्लेषणाचा आराखडा लिहून त्यावर सह्या व्हाव्या लागतात. कोणाला गणतीत धरायचे याच्या व्याख्या त्यात असतात आणि प्रत्येक रुग्णाच्या ओळीत त्याप्रमाणे होय-नाहीची खूण असते. महत्त्वाचा तक्ता दोघेजण एकमेकांची आज्ञावली न पाहता स्वतंत्रपणे तयार करतात. दोन्ही उत्तरे जुळली तरच तो पुढे जातो. तक्त्यातील कोणत्याही आकड्यावर बोट ठेवून 'हा कुठून आला?' असे विचारले, तर रुग्णालयातील मूळ नोंदीपर्यंत मागे जाता आले पाहिजे.

सॅसमध्ये जी संख्या मिळालीच नाही तिच्या जागी केवळ एक टिंब येते. शून्य आणि टिंब यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे मोजले आणि काही निघाले नाही. टिंब म्हणजे मोजलेच नाही. गंमत अशी की, ही भाषा टिंबाला कोणत्याही संख्येहून लहान मानते. 'पन्नासपेक्षा कमी वयाचे' अशी निवड बेसावधपणे केली, तर ज्यांचे वय ठाऊकच नाही तेही मुकाट्याने त्यांत येऊन बसतात. न मोजलेली माणसे नाहीशी होत नाहीत, ती भलत्याच रकान्यात जातात, ही गोष्ट इतिहासलेखनालाही लागू आहे.

भाषेच्या अभ्यासकाला आणखी एका ठिकाणी थांबावे लागते. रुग्णाला झालेला त्रास 'मेड्रा' नावाच्या आंतरराष्ट्रीय कोशातील ठरावीक संज्ञेत बसवावा लागतो. मराठी बाई सांगते, 'जीव घाबरा होतो', 'पोटात खड्डा पडतो', 'अंगातलं बळच गेलं'. डॉक्टर त्याचे इंग्रजीत रूपांतर करतात, संकेतकार त्याला संज्ञा देतो, प्रोग्रॅमरच्या तक्त्यात ती एक टक्केवारी होते. 'जीव घाबरा होणे' हे हृदयाचे लक्षण की मनाचे, हा निर्णय वाटेत कोणीतरी घेतलेला असतो. हे भाषांतरच आहे, आणि आपल्या भाषांतरविचारात त्याला अद्याप स्थान नाही.

टाटा रुग्णालयाच्याच पुढाकाराने देशातील अनेक केंद्रांत झालेली एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली: स्तनाच्या शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती भूल देण्याचे साधे, स्वस्त औषध टोचले तर पुढे रोग उलटण्याचे प्रमाण कमी होते काय? पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. चाचणीत १,६०० स्त्रिया घेतल्या होत्या. विश्लेषणात १,५८३ आहेत. उरलेल्या सतरा आकड्यांतून वगळल्या गेल्या, पण त्या वगळल्या गेल्या हे अहवालात लिहिलेले आहे. आम्हांस या शोधाइतकेच त्या सतरांच्या नोंदीचे मोल वाटते.

लीळाचरित्राची मूळ पोथी गहाळ झाल्यावर महानुभाव अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, आणि आठवणी जुळल्या नाहीत तेथे पाठभेद राखून ठेवले. एकच गुळगुळीत कथा सांगणे सोपे होते. त्यांनी मतभेद पुसले नाहीत. ऐरोलीच्या इमारतीत रात्री उशिरापर्यंत दुसऱ्याच्या उत्तराशी आपले उत्तर ताडून पाहणारा तरुण त्याच शिस्तीचा वारस आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपण वाङ्मयेतिहास शिकवतो तेव्हा कोणते ग्रंथ आणि कोणते लेखक गणतीत धरले याची यादी देतो. कोणाला वगळले, कधी आणि कोणत्या कारणाने, हा रकाना आपल्या पुस्तकांत बहुधा नसतोच. तो घालायला हरकत नसावी.